शरणम्मा मावशी दोनदा उठल्या

शरणम्मा मावशींना आमच्या कॉलेजात कुठल्याच कागदावर शिक्षक म्हटलेलं नाही. हजेरीपटावर त्या आया आहेत, त्याही कंत्राटी. तरीसुद्धा मेडिसिनच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा की पेशंटशी बोलायला तुम्हाला कुणी शिकवलं, तर दहातले आठ जण माझं नाव घेणार नाहीत. पूर्वी मला याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही, कारण ते खरं आहे.

मी निखत. धाराशिवला एका वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन शिकवते. तीन वर्षांपूर्वी मला शिक्षकांच्या एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं आणि तिथून मी 'फ्लिप्ड क्लासरूम' डोक्यात घेऊन परतले. कल्पना सोपी आहे. व्याख्यान वर्गात द्यायचं नाही. त्याचा पंधरा मिनिटांचा व्हिडिओ करून तो आधीच मुलांच्या मोबाईलवर पाठवायचा. मुलांनी तो खोलीवर बघून यायचा आणि वर्गाचा सगळा वेळ पेशंट, प्रश्न आणि वादावादीसाठी ठेवायचा. आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सरांनी त्याला लगेच 'उलटा वर्ग' असं नाव ठेवलं आणि माझ्या तासाला निघालेल्या मुलांना जिन्यात गाठून, काय रे, उलट्या थांबल्या का, असं विचारायला सुरुवात केली.

पहिल्या महिन्यात मी सात व्हिडिओ केले. प्रत्येकामागं पाच प्रश्न असायचे, त्यांची उत्तरं मोबाईलवरूनच पाठवायची. शंभर मुलांची शंभर उत्तरं आली आणि चौथा प्रश्न शंभरांचाही एकाच पद्धतीनं चुकलेला निघाला. म्हणजे एकानं व्हिडिओ बघितला होता, तोही बहुधा जेवता जेवता, आणि बाकीच्यांनी त्याचं उतरवलं होतं. मी वर्गात सगळ्यांची खरडपट्टी काढली. "व्हिडिओ न बघता वर्गात येणं म्हणजे पेशंटला हात न लावता औषध लिहिणं," असं मी म्हणाले. हे वाक्य मी पुढं प्रत्येक बॅचला ऐकवलं. ते मला फार आवडायचं.

मुलांना व्हिडिओ बघायला भाग पाडायचं तर वर्गात समोर पेशंट हवा, हे माझ्या लक्षात आलं. खरा पेशंट दर मंगळवारी वर्गभर मुलांपुढं बसवणं बरं नव्हे. म्हणून आमच्याच एका निवासी डॉक्टरला मी पेशंटचं काम करायला लावलं. त्याला छातीत दुखण्याचं नाटक करायचं होतं. मुलानं विचारलं, काय होतंय? हा म्हणाला, "मला दोन तासांपासून छातीच्या मध्यभागी दाबल्यासारख्या वेदना होत आहेत आणि त्या डाव्या हातात पसरत आहेत." पुस्तकातला परिच्छेदच म्हणून दाखवला पठ्ठ्यानं.

दाराशी निळ्या साडीतली एक आया पाण्याचा जार ठेवत होती. ती तोंडाला पदर लावून हसली. मी जरा चिडूनच विचारलं, काय झालं हसायला?

"काय न्हाय मॅडम," ती म्हणाली. "असं कुठं पेशंट बोलतंय व्हय?"

मग कसं बोलतं, असं मी विचारलं. तिनं जार खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि स्टुलावर येऊन बसली. मुलानं परत विचारलं, काय होतंय? ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "काय न्हाय. जरा गॅस झाल्यासारखं वाटायलंय. माझ्या जावेनं बळंच आणलंय." आणि हे बोलताना तिचा हात छातीवर मूठ करून ठेवलेला होता. खोलीत कुणी हसलं नाही. मला त्या क्षणी पेशंट सापडला.

शरणम्मा मावशी मूळच्या अणदूरच्या. खंडोबाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर त्यांच्या भावाचं घर आहे. नवरा लग्नानंतर सहा वर्षांनी वारला, मूलबाळ झालं नाही, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी त्या धाराशिवला येऊन दवाखान्यात आया म्हणून लागल्या. चोवीस वर्षं त्यांनी बाळंतपणाच्या खोलीत काढली. कॉलेज सुरू झाल्यावर त्यांची बदली आमच्याकडं झाली. बोलणं कमी, पण जिभेला धार. कुणी डॉक्टर पेशंटवर ओरडला की त्या त्याच्याकडं न बघता म्हणायच्या, "आज सायबांनी सकाळी काय खाल्लं न्हाय जनू." मला स्वतःला हे त्यांनी दोनदा ऐकवलेलं आहे.

आमची पद्धत अशी ठरली. सोमवारी मी त्यांना एक चिठ्ठी द्यायची. तिच्यात बाईचं नाव, गाव, वय, दुखणं आणि काय विचारलं तर काय सांगायचं ते लिहिलेलं असे. त्या सातवी शिकलेल्या. ती चिठ्ठी दुपारभर पुटपुटत वाचायच्या आणि कनवटीला लावायच्या. मंगळवारी वर्गात येताना मात्र चिठ्ठीतली बाई त्यांनी पार बदललेली असायची. मी लिहिलेलं असायचं 'थकवा'. त्या सांगायच्या, "भाकरी थापताना दोनदा बसावं लागतंय." मी लिहिलेलं असायचं 'चार दिवस ताप'. त्या सांगायच्या, "शुक्रवारच्या बाजारच्या आदल्या रात्रीपासनं." मुलांना बोटांवर दिवस मोजावे लागायचे. व्हिडिओ न बघता आलेल्या मुलाची तिथं दोन मिनिटांत भंबेरी उडायची. सगळ्यांसमोर एका आयाकडून उघडं पडण्याची धास्ती माझ्या ओरडण्यापेक्षा जास्त कामी आली. मुलं व्हिडिओ बघायला लागली.

दुसऱ्या की तिसऱ्या मंगळवारची गोष्ट. चिठ्ठीतली बाई रक्त कमी झालेली होती, आणि त्याचं कारण होतं मूळव्याध. मुलानं सगळं नीट विचारलं, थकवा काढला, जेवणखाण काढलं, लोहाच्या गोळ्या लिहिल्या. पण रक्त जातं का हे विचारल्यावर मावशी ठामपणे "न्हाय" म्हणाल्या. चिठ्ठीत तर 'हो' लिहिलेलं होतं. मला वाटलं, विसरल्या. मग त्या उठल्या, "बरं, येऊ का मग," म्हणाल्या आणि दाराकडं निघाल्या. दाराला हिरवा पडदा होता. पडद्याला हात लावून, मागं न बघता, त्या म्हणाल्या, "आन् परसाकडच्या जागेतनं रगत जातंय अधनंमधनं. त्यानं काय व्हतं का?"

तास संपल्यावर मी त्यांना विचारलं, हे असं का केलंत? चिठ्ठीत तसं नव्हतं.

"आमच्याकडच्या बाया खरं दुखणं बसून सांगत न्हाईत, मॅडम," त्या म्हणाल्या. "बसल्यावर डॉक्टर तोंडाकडं बघतोय. उठल्यावर पाठ असती. म्या चोवीस वर्सं बघितलंय. कंबर दुखती म्हणून येत्यात, आन् जाताना पडद्याला हात लावून सांगत्यात."

"मग डॉक्टरनं काय करायचं?"

"परत बसवायचं. उभ्यानं उत्तर दिलं की बाई गेली. ती परत येत न्हाय."

मी पंधरा वर्षं डॉक्टर आहे. बायका जाता जाता काहीतरी विचारतात हे मला माहीत होतं. ती त्यांची वाईट सवय आहे अशी माझी समजूत होती, आणि बाहेर रांग असताना मी उभ्यानंच उत्तरं दिली होती. किती जणींना, ते आता मोजता येणार नाही.

तेव्हापासून 'दारातली तक्रार' हा आमच्या वर्गाचा भाग झाला. मावशी उठल्या की मुलानं बोलायचं नाही, थांबायचं. पडद्याजवळ त्या बोलल्या की त्यांना परत आणून स्टुलावर बसवायचं आणि मग पुढचं विचारायचं. याला मी दोन गुण ठेवले. मुलांनी ते झटकन उचललं. पण गुण ठेवले की गोष्टीचं जे होतं ते याचंही झालं. मावशी उठल्या की मुलं एकमेकांना कोपरानं ढोसायची, कुणीतरी हळूच "आता" म्हणायचं आणि त्या पडद्याजवळ बोलल्या की मागच्या बाकावर टाळी पडायची. मावशी हसायच्या. मीही हसायचे. माझा उलटा वर्ग छान चालला होता आणि दुसऱ्या कॉलेजातली माणसं तो बघायला येऊ लागली होती.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात खंडोबा दरवर्षीसारखा अणदूरहून नळदुर्गला मुक्कामी गेला, त्याच आठवड्यात शरणम्मा मावशींना रक्त जायला लागलं. पाळी बंद होऊन पाच वर्षं झाली होती. चोवीस वर्षं बायकांच्या दवाखान्यात काढलेल्या बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. भावाला सांगायची ही गोष्ट नव्हती. आणि दवाखान्यात सांगायचं तर तिथला प्रत्येक डॉक्टर, प्रत्येक सिस्टर त्यांना मावशी म्हणणारी. ओळख नसती तर त्या कदाचित महिनाभर आधी गेल्या असत्या. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं होतं की मावशी निळ्या साडीवर काळी शाल घेऊन येतात, आणि मला वाटलं, थंडी आहे.

पावणेदोन महिने त्या गप्प राहिल्या. पौष सरत आला, देव परत अणदूरला आला, रक्त थांबलं नाही. मग त्यांनी ठरवलं की सांगायचं.

त्या मंगळवारी मधुमेहाचा तास होता. चिठ्ठीतली बाई तेरची द्वारकाबाई, वय अठ्ठावन्न, पायाला मुंग्या. दारातली तक्रार अशी होती की तिनं दवाखान्याच्या गोळ्या बंद करून कुणाकडची तरी पुडी सुरू केली आहे. विचारायची पाळी चैतालीची होती. चैताली आमच्या वर्गातली सगळ्यात तयारीची मुलगी. व्हिडिओ दोनदा बघून, वहीत तक्ते काढून येणारी. प्रत्येक तासाचं चित्रण करायचं कामही तिचंच होतं. ती आपला मोबाईल तिपाईवर लावून ठेवायची. त्या-त्या दिवशी गैरहजर असलेल्यांनी ते चित्रण बघून निदान लिहून द्यायचं, महिन्याच्या आत, नाहीतर हजेरी मिळायची नाही. तेच चित्रण संध्याकाळी मलाही यायचं. त्यातले चांगले तुकडे काढून पुढच्या बॅचला दाखवायचे, असं मी ठरवलं होतं.

चैतालीनं तास सुरेख घेतला. मावशी उठल्या, पडद्याशी गेल्या, पुडीचं सांगितलं. चैतालीनं त्यांना हाताला धरून परत बसवलं, पुडी कुणाची, किती दिवस, सगळं काढलं. टाळ्या पडल्या. मी तास संपल्याचं सांगितलं आणि हजेरी भरायला घेतली. मुलं दप्तरं आवरू लागली. पुढं जे झालं ते मी आता पाठ म्हणून सांगू शकते, पण त्या दिवशी संध्याकाळी मला कुणी विचारलं असतं तर काही झालं होतं हेच मला सांगता आलं नसतं.

पंधरा-वीस दिवस गेले. मावशी नेहमीसारख्या येत होत्या. त्यांनी आणखी दोन मंगळवारी दोन बाया केल्या, एक दम्याची आणि एक हिवतापाची. जरा सुकल्यासारख्या वाटत होत्या. मी त्यांना म्हणालेसुद्धा, मावशी, हिवताप फारच मनावर घेतलात तुम्ही. त्या हसल्या.

मग एका मंगळवारी सकाळी बुद्धघोष माझ्या खोलीत आला. बुद्धघोष भूम तालुक्यातल्या ईटचा. मागच्या बाकावर बसणारा, उंच, आळशी म्हणावा असा मुलगा. व्हिडिओ न बघता येण्याबद्दल त्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त बोलणी यानंच खाल्ली असतील. माझं ते आवडतं वाक्य त्याला पाठ होतं. मी बोलायला लागले की त्याचे ओठ हलताना मी पाहिले आहेत. मधुमेहाच्या तासाला तो नव्हता, बहिणीच्या साखरपुड्याला गावी गेला होता. चित्रण बघून निदान लिहून द्यायची मुदत संपत आली होती. म्हणून त्यानं ते आदल्या दिवशी बघितलं आणि कागद घेऊन आला.

कागदावर दोन निदानं होती. पहिलं, मधुमेहामुळं नसांना झालेली इजा. बरोबर होतं. दुसऱ्याखाली रेघ मारून लिहिलं होतं, 'पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव. गर्भाशयाचा कर्करोग नाही ना, याची तपासणी तातडीनं.'

"हे दुसरं कुठून काढलंस?" मी विचारलं.

"मावशी दोनदा उठल्या, मॅडम," तो म्हणाला. "मी तीनदा बघितलं. म्हणून विचारायला आलो. दुसऱ्या खेपेचं चिठ्ठीत होतं का?"

मी म्हणाले, असं काही झालेलं नाही, तू दुसरं काही बघितलं असशील. त्यानं आपला मोबाईल माझ्यापुढं धरला.

चैताली तिपाईवरचा मोबाईल बंद करायला विसरली होती. टाळ्या संपतात. मुलं उठतात, अर्धं चित्र त्यांच्या पाठींनी झाकलं जातं. मधल्या फटीतून स्टुलावर बसलेल्या मावशी दिसतात. त्या बसूनच आहेत. मग त्या उठतात. या वेळी "येऊ का मग" म्हणत नाहीत. पडद्यापाशी जाऊन त्याला हात लावतात आणि पाठमोऱ्याच म्हणतात, "आन् पाळी जाऊन पाच वर्सं झाली, तरी अंगावरनं लाल जायलंय. दीड-दोन महिनं झालं. त्याचं काय?"

कुणीतरी मुलगा म्हणतो, "मावशी, आज बोनस."

आणि मग एका बाईचा आवाज येतो, अगदी जवळून, कारण ती मोबाईलच्या शेजारीच हजेरी भरत बसली आहे. "मावशी, एका चिठ्ठीत दोन पेशंट? आज सुटी द्या आम्हाला." सगळे हसतात. मावशी क्षणभर पडदा धरून उभ्या राहतात. त्यांची मान थोडी वळते. त्यांना परत बसवायला कुणी येत नाही. त्याही हसतात आणि पडद्याबाहेर जातात.

तो आवाज माझा होता. मला लाज वाटली, त्याला दुसरा शब्द नाही. बुद्धघोष समोर उभा होता आणि त्यानं माझ्याकडं न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघण्याची समज दाखवली. मी माझा मोबाईल उघडला. तेच चित्रण एकवीस दिवसांपूर्वी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मला आलेलं होतं. मी ते उघडलेलं नव्हतं. त्याच्या वरची आणि खालचीही नव्हती. वर्षभरातलं एकही नव्हतं.

"मावशींना किंवा आणखी कुणाला काही बोलू नकोस," मी बुद्धघोषला म्हणाले.

"नाही, मॅडम." तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "पण आजच विचाराल ना?"

मावशी वर्गात स्टूल पुसत होत्या. मी दार लावून घेतलं आणि त्यांना बसायला सांगितलं. त्या बसल्या. मी विचारलं, "मावशी, मधुमेहाच्या तासाला दुसऱ्यांदा उठून तुम्ही जे सांगितलंत ते खरं होतं?"

त्यांनी फडकं घडी करून मांडीवर ठेवलं.

"व्हय," त्या म्हणाल्या.

"परत का नाही सांगितलं?"

"एकदा सांगितलं हुतं की."

त्यात तक्रार नव्हती. चोवीस वर्षं पाहिलेल्या बायांचा जो नियम त्यांनी आम्हाला शिकवला होता, त्याच नियमानं त्या वागल्या होत्या, एवढंच. मी म्हणाले, आत्ता वर चला, स्त्रीरोगच्या मॅडमना मी सांगते. त्या उठल्या नाहीत.

"तिथं न्हाय. त्या टेबलावर म्या किती बायांचं पाय धरल्यात त्याला गिनती न्हाय. माझं तिथं कोण धरणार? रोज मांडीला मांडी लावून चहा पिणाऱ्या पोरी?"

"मग सोलापूरला चला. मी येते."

"तुमी कशाला?"

"पाय धरायला," मी म्हणाले. त्या पहिल्यांदा हसल्या, म्हणाल्या, तुम्हाला जमणार नाही, त्याला सवय लागते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूरच्या गाडीला आल्या. वाटेत तुळजापूरच्या स्थानकात त्यांनी मला विचारलं, "इतक्या दिसांनी तुमच्या ध्यानात कसं आलं हो, मॅडम?" गाडी सुटत होती. मी म्हणाले, आलं. आणि पाण्याची बाटली उघडली.

सोलापुरात तपासणी झाली, तुकडा काढला, आठवड्यानं उत्तर आलं. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग. ऑपरेशन झालं तेव्हा कळलं की तो गर्भाशयाच्या मुखापर्यंत उतरला होता. म्हणून पुढं पंचवीस दिवस किरणांचे उपचार. मी सर्जनना बाजूला घेऊन विचारलं, एकवीस दिवस आधी आलो असतो तर तो मुखापर्यंत गेला नसता का? त्यांनी मला एका डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरला द्यावं तसं उत्तर दिलं. इतक्या थोड्या दिवसांचा हिशेब मांडता येत नाही, कदाचित फरक पडला नसता, कदाचित पडला असता. उत्तर बरोबर होतं. पण मी डॉक्टर म्हणून विचारलं नव्हतं.

उपचारांचे ते पंचवीस दिवस मावशी भावाकडं अणदूरला राहिल्या आणि रोज एसटीनं सोलापूरला जाऊन आल्या. इकडं वर्ग चालू होता. पडद्याशी कुणी जात नव्हतं. मी मुलांना मावशींचं दुखणं सांगितलं नाही, सुटीवर आहेत एवढंच सांगितलं. व्हिडिओ बघून न येणाऱ्या मुलांना ते वाक्य मी परत ऐकवलं नाही. एकदा तोंडात आलं होतं. मागच्या बाकावर बुद्धघोष होता. मी पाणी प्यायले आणि पुढं गेले. आता रोज संध्याकाळी मी एक चित्रण बघते. त्यात कितीतरी ठिकाणी मला माझा आवाज ऐकू येतो, आणि पेशंट बोलत असताना मी किती बोलते हे मला या वयात कळतं आहे.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी अणदूरला गेले. जाताना काय बोलायचं ते पक्कं होतं. गाडीत दोन वेळा मनात म्हणूनही पाहिलं होतं.

मावशींचे भाऊ शिवशरण दारातच होते. त्यांनी शेजारच्या दोघांना हाक मारून बोलावलं. "ह्याच त्या मॅडम," त्यांना सांगितलं. "आमची अक्का वर्गात सोंग करायची. त्या सोंगातलं एक वाक्य ह्यांनी बरोबर धरलं बघा. ह्यांच्या ध्यानात आलं न्हसतं तर अक्का आज न्हवती." शेजाऱ्यांनी माझ्याकडं आदरानं बघितलं. मी चहा घेतला. गाडीत पक्कं केलेलं वाक्य तिथं बोलायला काही हरकत नव्हती. मी म्हणाले, चहा छान झालाय.

मावशी आतल्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. पोटाशी उशी धरलेली. वजन उतरलं होतं, आवाज मात्र तोच. खाटेच्या कडेला माझ्यासाठी जागा होती. मी बसले. आम्ही उन्हाबद्दल बोललो. सोलापूरच्या दवाखान्यातल्या आयाबद्दल बोललो, तिला चादर बदलता येत नाही असं मावशींचं मत होतं. पुढची तपासणी जूनमध्ये आहे, सर्जन म्हणतात आता तरी सगळं स्वच्छ दिसतंय, पण पाच वर्षं बघत राहायचं. चैताली पहिली आली. बुद्धघोष पास झाला.

"ते लांबडं पोरगं? वर्गात झोपतंय ते?"

"आता झोपत नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. अंगणात पत्र्यावर शेंगा वाळत घातल्या होत्या. बोलायला आणखी काही उरलं नाही तेव्हा मी उठले.

"बरं मावशी, येऊ का मग," मी म्हणाले आणि निघाले. दारापाशी माझा हात आपोआप चौकटीवर गेला.

"ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं, मावशी," मी म्हणाले. "बुद्धघोषच्या आलं. तुमचा व्हिडिओ एकवीस दिवस माझ्याकडं होता, मी उघडलासुद्धा नव्हता. आणि तुम्ही सांगितलंत तेव्हा मी तिथंच होते. ऐकून हसले होते."

चौकटीवर हळदीचे जुने ठिपके होते, मी ते बघत राहिले. मग खाट करकरली. मावशी उशी घेऊन भिंतीकडं सरकल्या होत्या.

"बसा, मॅडम," शरणम्मा मावशी म्हणाल्या. "उभ्यानं न्हाय."

मी मागं फिरले आणि परत जाऊन बसले.